कच्चं मडकं म्हणजे फुटकं मडकं नव्हे

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला कीर्तन करू नका, भाषण करा म्हणाले. कीर्तनात मागं टाळकरी असतात. बोलता बोलता अडलं की ते धृपद उचलतात आणि कीर्तनकाराला दम घ्यायला मिळतो. भाषणात मागं कुणी नसतं. तरी बोलतो. शिक्षण चौथी, धंदा शेती, वय साठीच्या पुढं. कमीजास्त झालं तर पोटात घाला.

स्मरणिकेचं ठरलं तेव्हा मंडळी घरोघर फिरली. दिंडीतल्या जुन्या रचना असतील, आठवणी असतील, कुणी गवळण केली असेल, भारूड केलं असेल, चाल बांधली असेल, ते द्या म्हणाली. काय मिळालं सांगू? दहा घरं फिरलो तर दहा घरांत एकच उत्तर. "आम्हाला काय येतंय?"

मृदंगवाले मामा, ज्यांच्या हाताखाली तालुक्याची पोरं शिकली, ते म्हणाले, आम्हाला काय येतंय. दोनशे ओव्या तोंडपाठ असलेली आजी, त्यातल्या निम्म्या तिच्या स्वतःच्या, तीसुद्धा म्हणाली, मला अडाण्याला काय येतंय बाबा. एक बारावीला असलेलं पोरगं आहे, चांगली भारुडं लिहितं. त्याच्या आईनं मला हळूच सांगितलं, वही गादीखाली ठेवतो आणि कुणी आलं की वर बसतो. त्याला विचारलं तर म्हणलं, "नाही महाराज, ते असंच आहे. दाखवण्यासारखं नाही."

म्हणून मी आज या एका वाक्यावरच बोलायचं ठरवलंय. आम्हाला काय येतंय. हे वाक्य नम्रतेचं आहे का भीतीचं आहे, हे आपण तपासून बघू.

याच्यात आपलं नुकसान काय झालं ते आधी सांगतो. निजामाच्या काळात आपल्या दिंडीत एक विणेकरी बाबा होते. त्यांनी स्वतः एक गवळण केली होती आणि दिंडी चालताना ती म्हणायचे, असं मी माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलंय. कुणी लिहून घ्यायला गेलं की बाबा म्हणायचे, संतांचं लिहा, माझं काय लिहिता. कुणी लिहिली नाही. आज त्या गवळणीचं धृपद आणि एक चरण तेवढा शिल्लक आहे. बाकीचं बाबांबरोबर गेलं. बाबा नम्र होते, याच्यात शंका नाही. पण गवळण गेली ती गेलीच.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, आपल्या संप्रदायात स्वतःचं रचायचं कशाला? ही शंका खरी आहे, तिला बगल देऊन चालणार नाही. आपल्या वारकरी कीर्तनात निरूपणाला अभंग घ्यायचा तो संतांचाच. ज्ञानोबा, नामदेव, एकनाथ, तुकोबा, निळोबा आणि त्या मांदियाळीतले संत. कीर्तनकारानं स्वतःची रचना कीर्तनाला लावायची नाही. हा दंडक चांगला आहे. मी जन्मभर पाळला आणि पुढंही पाळीन. दंडक नसता तर नारदाच्या गादीवर उभं राहून जो तो आपलीच फुशारकी मारत बसला असता.

पण दंडक कशाला आहे ते बघा. तो निरूपणाच्या अभंगाला आहे. चालीला नाही, दृष्टांताला नाही. बाईच्या ओवीला नाही, गावातल्या भारुडाला नाही. शेताला बांध घालतो तो पाणी आणि माती आत राहावी म्हणून. बांध घातला म्हणून कुणी आतलं रान पडीक ठेवतं का? बांध बांधाच्या जागी, पेरणी पेरणीच्या जागी.

आणि हे रचणं काही हौसेनं होत नाही, हेही मला सांगायचंय. माझंच उदाहरण देतो. आमच्याकडं हरभऱ्याला पाणी द्यायचं तर लाईट कधी रात्री बाराला येते, कधी दोनला. बॅटरी घेऊन बांधावर बसायचं, एक सरी भरली की दुसरीला पाणी लावायचं. मधल्या वेळेत दुसरं काम नसतं. अशा वेळी मनात काहीतरी घोळायला लागतं. आधी नुसता ठेका येतो, मग एक शब्द येतो, मग त्याला जोड लागतो. सरी फुटून पाणी भलतीकडं गेलं तरी कधी कधी ध्यान राहत नाही. आमच्या घरी म्हणतात, "कुणासंगं बोलायलाव वो रानात एकटेच?" मी खताच्या दुकानातून फुकट मिळालेल्या डायरीत लिहून ठेवतो. अशा अकरा डायऱ्या झाल्या. लिहिल्याशिवाय झोप येत नाही म्हणून लिहिलं. लिहून झालं की लगेच दुसरा आवाज येतो. चौथी शिकलेला तू. तुला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. ज्ञानोबा-तुकोबांनी काय शिल्लक ठेवलंय तुझ्यासाठी?

हा आवाज बाहेरूनही येतो. एका गावात सप्ताह होता. एका मोठ्या माणसानं मंडपातच म्हणलं की, चौथी शिकलेल्यानं ज्ञानेश्वरीवर बोलू नये. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. तुमच्यातल्या किती जणांना असं कुणी ना कुणी म्हणलेलं असेल. बाहेरच्या माणसानं ते एकदा म्हणलं आणि निघून गेला. आपण मात्र तेच वाक्य दहा वर्षं रोज स्वतःला म्हणत बसतो.

मग मी संतांकडं बघितलं. आपण त्यांना देव करून ठेवलंय, त्यामुळं वाटतं त्यांना शंका आलीच नसेल. तसं नाही. ज्ञानोबारायांनी ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात स्वतःला टिटवीची उपमा दिली आहे. इवलीशी टिटवी चोचीनं समुद्र मोजायला निघाली, तसं माझं हे काम, असा अर्थ आहे. असं म्हणून त्यांनी पोथी बांधून ठेवली नाही. नेवाशाला शके १२१२ मध्ये नऊ हजार ओव्या पुऱ्या केल्या. चोच लहान आहे हे कबूल केलं आणि कामाला लागले.

नामदेवरायांचं तर आपल्याच भागातलं आहे. जन्म नरसीचा, आता तो हिंगोली जिल्हा. गोरोबाकाकांचं तेर धाराशिवकडं. तिथं संतमंडळी जमली होती. गोरोबाकाका कुंभार. मुक्ताबाई म्हणाली, काका, यातली मडकी पक्की कोणती, कच्ची कोणती, जरा बघा. काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर हाणत गेले. सगळे गप बसले. नामदेवरायांना मात्र ते सोसलं नाही. काका म्हणाले, हे मडकं कच्चं आहे.

माऊली, तेव्हा नामदेव कोण होते? पांडुरंगाशी बोलणारे, कीर्तनात रंगणारे, अभंग करणारे. असल्या माणसाला चारचौघांत कच्चं म्हणलं. काय वाटलं असेल? ते पंढरीला गेले आणि देवाजवळ गाऱ्हाणं केलं. देवानंही समजूत काढली नाही. म्हणाला, विसोबा खेचरांकडं जा. आणि नामदेव गेले. औंढ्या नागनाथाला विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. पाय उचलून ठेवावेत तिथं पिंड. पुढची कथा तुम्हाला पाठ आहे.

मला त्यातलं एवढंच सांगायचंय की नामदेवांनी विणा फोडला नाही. मी कच्चा ठरलो, आता अभंग करणार नाही, असं म्हणून ते घरी बसले नाहीत. कच्चं मडकं म्हणजे फुटकं मडकं नव्हे. कुंभाराला विचारा. कच्च्या मडक्याला तो टाकून देत नाही. सावलीत वाळवतो, आव्यात रचतो, वर-खाली गोवऱ्या-भुसा घालून आच देतो. फुटकं निघालं तर त्याच्या खापऱ्या होतात. कच्चं म्हणजे आच बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि त्या मडक्यातलं पाणी कुठवर गेलं बघा. नामदेव महाराज पंजाबात गेले, घुमानला राहिले. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदं आहेत. आपल्या नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात ज्या ग्रंथाला गुरू मानतात, त्यात नरसीच्या शिंप्याची वाणी आहे. कच्चं म्हणल्यावर ते घरी बसले असते तर?

आता तुकोबाराय. दुष्काळ पडला, धंदा बुडाला, घरात माणसं अन्नावाचून गेली, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. मग त्यांनी मोडकं देऊळ नीट केलं आणि एकादशीला कीर्तन करायला लागले. सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हतं, हेही त्यांनी लपवलं नाही. मग केलं काय? संतांची वचनं पाठ केली. पुढं जे गात होते त्यांच्या मागं उभं राहून धृपद धरलं.

तरण्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं. ज्यांच्या अभंगावर आज सगळा महाराष्ट्र कीर्तन करतो, ते आधी मागं उभे होते. दुसऱ्याच्या मागं धृपद धरत होते. किती दिवस धरलं कुणास ठाऊक. मग स्वप्नात नामदेवराय पांडुरंगाला घेऊन आले आणि कवित्व करायला सांगितलं. आम्ही म्हणतो देवानं सांगितलं, तुकोबांना सोपं झालं. पण सांगितल्यावर शंका संपली असं नाही. हे शब्द माझे नव्हेत, बोलविणारा दुसरा आहे, असं ते परत परत सांगत राहिले.

पुढं रामेश्वर भटांनी आक्षेप घेतला आणि अभंगाच्या वह्या इंद्रायणीत गेल्या. आपण वह्या तरल्या तो दिवस मोठा धरतो. मला त्याच्या आधीचे तेरा दिवस मोठे वाटतात. तेरा दिवस तुकोबाराय अन्नपाण्यावाचून नदीच्या काठाला पडून होते. वह्या पाण्यात आणि माणूस काठावर. त्या तेरा दिवसांत त्यांच्या मनात काय चाललं असेल? मी खरंच देवाचं बोललो का माझंच बोललो? ज्याला लिहिण्याचं, गाण्याचं, वाजवण्याचं वेड आहे, त्याला हे तेरा दिवस कधी ना कधी येतात. कुणाला तेरा दिवस, कुणाला तेरा वर्षं. म्हणून एवढंच लक्षात ठेवा, तुकोबा काठावरून उठून गेले नाहीत.

आता जवळचं सांगतो. नांदेड जिल्ह्यात उमरी तालुक्यात गोरटं आहे. तिथं दासगणू महाराजांचं स्थान आहे. त्यांचं कीर्तन आपल्या पद्धतीचं नव्हे, नारदीय. पण त्यांचा जीव पंढरीतच होता आणि १९६२ साली देह ठेवला तोही पंढरपुरात. नाव गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे, जन्म १८६८ चा, नोकरी पोलिसात. पोलिसात असताना हा माणूस लावण्या रचायचा. म्हणजे रचण्याची ऊर्मी आधीपासून होती, पुढं फक्त तिचं तोंड वळलं. पाटाचं पाणी एका रानातून काढून दुसऱ्या रानात लावावं तसं.

हे दासगणू महाराज ईशावास्य उपनिषदावर मराठीत ओव्या करायला बसले. अठराच मंत्र आहेत. ओव्या केल्या, पण मनाला समाधान नाही. अर्थ पुरता उतरला नाही असं वाटत राहिलं. पंडितांना विचारलं, चर्चा केली, तरी समाधान नाही. मग शिर्डीला साईबाबांकडं गेले. बाबा म्हणाले, त्यात काय अवघड आहे, जाताना पार्ल्याला काकांकडं उतरशील, त्यांची मोलकरीण तुझी शंका फेडील. काका म्हणजे हरी सीताराम दीक्षित, मुंबईचे वकील. ऐकणाऱ्यांना वाटलं बाबांनी चेष्टा केली. पंडितांना जे सांगता आलं नाही ते मोलकरीण काय सांगणार!

साईचरित्राच्या विसाव्या अध्यायात पुढची कथा आहे. दासगणू पार्ल्याला मुक्कामी राहिले. सकाळी गाणं कानावर आलं. आठ-एक वर्षांची पोर, अंगावर चिंधी, भांडी घासता घासता गात होती. गाण्यात एका भारी लुगड्याचं वर्णन, त्याचा रंग कसा, काठ कसा, पदर कसा. दासगणूंना दया आली. त्यांच्या सांगण्यावरून तिथल्याच प्रधान नावाच्या गृहस्थांनी तिला एक लुगडं घेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी पोर ते नेसून आली, नाचली, फुगड्या खेळली. तिसऱ्या दिवशी लुगडं घरी ठेवलं आणि आली परत तीच चिंधी नेसून. पण तोंडावर आनंद कालच्याइतकाच. चिंधी तीच होती, पण दुःख नव्हतं. दासगणूंना मंत्राचा अर्थ तिथं उलगडला. देवानं दिलं त्यात आनंद, न दिलं त्यातही आनंद.

दासगणूंनी त्यातून उपनिषदाचा अर्थ घेतला. मी माझ्यापुरता दुसरा अर्थ घेतला, तो सांगतो. माणसाची वाहवा म्हणजे ते लुगडं. मिळालं तर नेसावं, फुगडी खेळावी, त्यात पाप नाही. नाही मिळालं तर भांडी घासता घासता गाणं चालू ठेवावं. ती पोर लुगडं मिळायच्या आधीपासून गात होती हे विसरू नका. लुगड्यासाठी गाणं थांबवलं नव्हतं. आजची आपली पोरं मोबाईलवर गाणं टाकतात आणि किती जणांनी बघितलं ते दर पाच मिनिटांनी मोजतात. कमी बघितलं की म्हणतात, आपल्याला येत नाही. अरे, त्या मोजणीचा आणि तुझ्या येण्याचा काय संबंध? बाजारात तुरीचा भाव पडला म्हणून तूर खोटी होत नाही.

दासगणूंचं आणखी एक. १९३९ साली त्यांनी शेगावला बसून गजानन विजय ग्रंथ केला. २१ अध्याय. तेव्हा वय सत्तरीच्या पुढं. आज घरोघर त्याचं पारायण चालतं. म्हणून माझ्या वयाच्या लोकांनी "आता काय राहिलं" म्हणू नये.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला जड जातं. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची रात्र होती, गणपती बुडवून माणसं झोपली होती. दगडमातीची घरं, जाड भिंती, माळवदं, सगळं अंगावर आलं. हजारो माणसं गेली. काही दिवसांनी आमच्या गावातून ज्वारी, घोंगड्या घेऊन आम्ही गेलो. माणसं पत्र्याच्या शेडात राहत होती. संध्याकाळी मला म्हणाले, महाराज, हरिपाठ घ्या, थोडं बोला. हरिपाठ घेतला. बोलायचं काय? ज्याच्या घरातली पाच माणसं गेली त्याला मी काय निरूपण सांगणार? त्या दिवशी बोललो नाही, नुसतं भजन केलं.

पहाटे जाग आली ती जात्याच्या घरघरीनं. ढिगाऱ्यातून कुणीतरी एक जातं उकरून आणलं होतं. एक म्हातारी दळत होती आणि ओवी म्हणत होती. पहिली ओवी नवऱ्याला, दुसरी लेकाला, मग सुनेला, मग नातवंडांना. एकेकाचं नाव घेऊन. त्या ओव्या कुठल्या पुस्तकात नव्हत्या, ती त्याच वेळी करत होती. एक ओवी झाली की थांबायची, मूठभर दाणे टाकायची, पुढची म्हणायची. थोड्या वेळानं शेजारच्या शेडातली एक बाई आली, खुंट्याला हात लावला आणि तिच्या माणसांच्या ओव्या सुरू झाल्या.

उजाडल्यावर मी म्हातारीला म्हणलं, माय, हे कसं सुचतं गं? ती म्हणाली, "सुचतं काय बाबा, जीव गुदमरायलाय म्हणून म्हणते."

मला वाटतं रचायचं का नाही या प्रश्नाला याहून खरं उत्तर नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं, बाई तू किती शिकलीस. तिनंही कुणाला विचारलं नाही की माझी ओवी बरी आहे का. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईनं तरी कुणाला विचारलं होतं? दामाशेटींच्या घरी दळण-कांडण करता करता तिची वाणी झाली. महाराष्ट्रातल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या पुण्याच्या मंडळींनी गावोगाव फिरून गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. एक लाख! आणि त्या म्हणणाऱ्या बहुतेक बाया काय म्हणतात? आम्हाला काय येतंय.

तर मायबाप हो, मला जे समजलं ते असं. मनातल्या शंका दोन आहेत. एक शंका म्हणते, हे पक्कं झालंय का? दुसरी म्हणते, लोक काय म्हणतील? दोघींचा आवाज सारखाच येतो, म्हणून आपण फसतो. पहिली शंका गोरोबाकाकांचं थापटणं आहे. तिला घरात घ्यावं, तिचं ऐकावं, शब्द परत बघावा, चाल परत बसवावी, जाणत्याला विचारावं. दुसरी शंका काही शिकवत नाही, नुसतं बसवून ठेवते. तिला दारातूनच रामराम करावा.

कोणती शंका कोणती हे कसं ओळखायचं? मी अशी परीक्षा करतो. शंका आल्यावर जर हात कामाकडं गेला, वही उघडली, मृदंगाला शाई नीट आहे का बघितलं, तर ती पहिली. शंका आल्यावर वही गादीखाली गेली तर ती दुसरी.

पोरांनो, तुम्हाला चार गोष्टी सांगतो. आधी पाठांतर करा. तुकोबांनी केलं, तुम्ही-आम्ही कोण? हरिपाठ, काकडा, गाथ्यातले अभंग तोंडात बसू द्या. कान भरला की तोंड फुटतं. मागं उभं राहून धृपद धरायला लाजू नका. दुसरं, केलेलं एका तरी माणसाला ऐकवा. गावभर नको, एक जाणता माणूस बघा, जो तोंडावर खरं सांगतो आणि मागं हसत नाही. तिसरं, तुमचं भारूड लोकांनी उचललं, कुणी केलं ते विसरून म्हणायला लागले, तर वाईट वाटून घेऊ नका. यापेक्षा मोठी पावती नाही. चौथं, रोजचं काम सोडू नका. जनाबाईनं जातं सोडलं नाही, गोरोबाकाकांनी चाक सोडलं नाही, सावता माळ्यानं मळा सोडला नाही. पोट भरण्याचं काम आणि गाणं यांचं वैर नाही. मला तर औत धरल्यावरच ठेका सापडतो.

आणि वडीलधाऱ्यांना हात जोडून एक विनंती. लेकरू काही लिहायला-गायला लागलं तर पहिल्याच दिवशी "हे पोटाला घालील का" असं म्हणू नका. आपल्या भागात आधीच तरण्या पोरांच्या मनावर ओझं कमी नाही. पाऊस नाही, भाव नाही, नोकरी नाही, लग्न जमत नाही. त्यात त्याला स्वतःजवळचं असं एक काही सापडलं असेल तर तेवढं तरी त्याच्याकडं राहू द्या. खोटी वाहवा करू नका, पण ऐकून घ्या. ज्ञानोबारायांनीसुद्धा श्रोत्यांपुढं हात जोडून अवधान मागितलं होतं.

शेवटची गोष्ट दिंडीच्या कामाची. तुकोबारायांची वाणी राहिली ती कुणामुळं? चाकणचे संताजी जगनाडे, जातीनं तेली. त्यांनी अभंग लिहून ठेवले, त्यांच्या वह्या आजही आहेत. तुकोबा एखादाच होतो, ते आपल्या हातात नाही. पण संताजी व्हायला काय लागतं? एक वही, एक पेन आणि दुसऱ्याच्या शब्दाची किंमत. आता तर प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, बटण दाबलं की आवाज साठतो. मी चालक मंडळींना सुचवतो की यंदाच्या वारीपासून दिंडीत दोन पोरं संताजीच्या कामाला नेमावीत. मुक्कामाला म्हाताऱ्या बायांजवळ बसायचं, ओव्या लिहून घ्यायच्या. मृदंगवाल्या मामांचे बोल साठवायचे. विणेकरी बाबांच्या त्या गवळणीचं धृपद आणि चरण ज्यांना ज्यांना आठवतंय त्यांच्याकडून जुळवून बघायचं. कुणाकडं आणखी एक चरण निघाला तर तेवढी गवळण वाचली.

माझ्या अकरा डायऱ्या मी चालक मंडळींच्या हवाली करणार आहे. त्यातलं कच्चं किती, पक्कं किती, ते मी ठरवणार नाही. जाणत्यांनी थापटणं घेऊन बसावं. कच्चं निघालं तर सांगावं, मी परत आव्यात घालीन. अजून हात चालतात, आणि रात्रीची लाईटही काही बंद झालेली नाही.

आणि ते गादीखाली वही ठेवणारं पोरगं मंडपात कुठंतरी बसलंय, मला माहीत आहे. नाव घेत नाही. पण बाळा, आज रात्री जागर आहे. दुसऱ्या प्रहराला भारुडं होणार आहेत. एकनाथ महाराजांची भारुडं झाली की थोडा वेळ मोकळा ठेवा, असं मी चोपदारांना सांगून ठेवलंय. तू पुढं ये. अडलास तर घाबरू नको, धृपद धरायला मागं मी उभा आहे.

रामकृष्णहरी.